चार महिने रिव्ह्यू पाहून राहिलो, स्पीकर अजून घेतलेच नाहीत

वाचकाचा प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, नागपुरात मिहानमध्ये नोकरी करतो, मनीषनगरला आईबाबा आणि बायकोसोबत राहतो. बाबा शाळेतून रिटायर होऊन पाच वर्षं झाली, त्यांना नाट्यसंगीत आणि शास्त्रीय ऐकायचा नाद आहे पण ऐकतात मोबाईलच्या स्पीकरवर. त्यांच्यासाठी चांगली स्टिरिओ सिस्टीम घ्यायची म्हणून ७० हजार बाजूला काढलेत. चार महिन्यांपासून रिव्ह्यू पाहतोय. ज्या स्पीकरला एक जण मोकळा, जिवंत म्हणतो त्यालाच दुसरा कोरडा आणि कानाला टोचणारा म्हणतो. त्यात ज्या चॅनलवर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता त्याला लिंकवरून कमिशन मिळतं हे कळलं. बर्डीवर एका दुकानात विचारलं तर त्यांनी तिसरंच नाव सांगितलं. मित्र म्हणतो सगळे विकले गेलेत, स्वस्तातलं काही पण घे. बायको म्हणते एफडी कर. रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा की नाही? आणि ठेवायचा तर कोणावर?

भाऊ, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट खटकली, की चार महिन्यांत तुम्ही एकही स्पीकर वाजवून ऐकल्याचं लिहिलेलं नाही. दुकानात गेलात तेही विचारायला. आणि बाबांना विचारल्याचं तर कुठेच नाही, सरप्राइज द्यायचं असेल बहुतेक, ते समजू शकते, पण त्याबद्दल पुढे बोलू.

आधी ते "विकले गेलेत" प्रकरण. तुम्ही असं धरून चाललात की रिव्ह्यू करणारा एकतर प्रामाणिक असतो नाहीतर विकलेला, आणि आपण फक्त ओळखायचं की हा कोणत्या पार्टीचा. मला हे इतकं सरळ वाटत नाही. कमिशनचंच घ्या. लिंकवरून तुम्ही काहीही घेतलं तरी त्याला पैसे मिळणार असतील तर अमुकच कंपनी घ्या असं सांगण्यात त्याला फार फायदा नसतो, फायदा असतो तुम्ही काहीतरी घेण्यात. म्हणून तो खोटं बोलेलच असं नाही, पण "आहे तोच स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घे आणि गप बस" हा सल्ला तिथून सहसा मिळणार नाही, दर महिन्याला काहीतरी नवीन "बेस्ट" निघतच राहील. दुसरं, वस्तू कंपनीकडून येते, वाजवून झाली की कधी वापस जाते कधी तिथेच राहते. ज्याने चारदा शिव्या घातल्या त्याच्याकडे पाचवा खोका येईलच याची काय गॅरंटी, आणि हे कोणी त्याला तोंडाने सांगावंही लागत नाही. बरेच जण मग खराब निघालेल्या वस्तूचा रिव्ह्यूच टाकत नाहीत, कशाला वाईटपणा घ्या. तुमच्यापर्यंत जे पोचते ते असं आधीच चाळणीतून आलेलं, त्यामुळे सगळं कसं चांगलंच दिसते. आणि लाँचच्या दिवशीच दहा ठिकाणी एकदम रिव्ह्यू आले तर समजायचं की वस्तू आधीच पाठवली होती आणि तारीख कंपनीने ठरवून दिली होती. त्यात गैर काही नाही पण आठ-दहा दिवस वाजवलेल्या वस्तूबद्दल "वर्षानुवर्षं साथ देईल" म्हणणाऱ्याला कसं कळलं हे विचारायला हरकत नसावी.

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकते कारण याच्यावर बरीच पत्रं येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले आणि जानेवारी २०२३ मध्ये खास इन्फ्लुएन्सर लोकांसाठी सूचना आल्या. पैसे, फुकट वस्तू, डिस्काउंट, ट्रिप, काहीही घेतलं असेल तर स्पष्ट सांगायचं, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच सांगायचं, बोलून आणि लिहून दोन्ही, खाली डिस्क्रिप्शनमध्ये लपवून चालणार नाही. दिशाभूल सिद्ध झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केली तर ५० लाखांपर्यंत. म्हणजे तुमच्या त्या चॅनलवाल्याने कमिशनचं स्वतः तोंडाने सांगितलं असेल तर त्यावरून तो वाईट ठरत नाही, उलट ज्याने कधीच काही सांगितलं नाही त्याच्याकडे जास्त बारीक नजरेने पाहा. खरेदीच्या साईटवरच्या स्टारवाल्या रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानकही २०२२ मध्येच आलं, पण ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं, तेव्हा तिथले चार पॉइंट सहा स्टार बघून हुरळून जाऊ नका.

आता जी गोष्ट मला यापेक्षा मोठी वाटते ती. समजा तो माणूस एकदम प्रामाणिक आहे, एक रुपया घेतला नाही, स्पीकर स्वतःच्या पैशाने आणला. तरी त्याचे कान त्याला फसवू शकतात आणि त्याला पत्ता लागत नाही. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत एक प्रयोग केला होता, ऐकणारे लोक कंपनीचेच कर्मचारी. तेच लोक, तेच स्पीकर, एकदा समोर दिसत असताना मार्क द्यायला लावले आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठे देखणे स्पीकर वर गेले आणि लहान स्वस्त सेट खाली गेला, पडदा लावल्यावर हा फरक बराचसा विरघळला. यात कोणी खोटं बोललं नव्हतं बरं का, त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत महागड्या हाय-रेझोल्युशन डिस्कचा आवाज आणि तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जातून जाऊ दिलेला, असे दोन न सांगता ऐकवले, ५५४ वेळा विचारलं आणि २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती.

आणि सगळ्यात सोपी फसवाफसवी म्हणजे व्हॉल्यूम. दोनपैकी एक गोष्ट किंचित जोरात वाजली, अर्धा-एक डेसिबल, तर माणसाला ती "जोरात" वाटत नाही, ती "जास्त क्लिअर", "जास्त मोकळी" वाटते. आवाज वाढला की कानाला खालचे आणि एकदम वरचे सूर आधीपेक्षा जास्त ऐकू येतात, कानाची घडणच तशी, म्हणून वाटते की वस्तूच भारी आहे. घरी दोन अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा डबा, अ‍ॅम्प्लिफायर) बदलून बदलून ऐकणारे कितीजण आधी आवाज मोजून सारखा करतात? जो करतो तो आवर्जून सांगतो. नाही सांगितलं तर केला नाही असं समजून चालायचं. केबल बदलल्याने "पडदा उठला" वगैरे वाचलं की मी सरळ पुढे जाते, तुमच्या खोलीत तीन-चार मीटर वायर लागेल, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, तेवढ्याने काम होते.

मग एक मोकळा म्हणतो आणि दुसरा टोचणारा म्हणतो, यात खोटं कोण? भाऊ, दोघंही खरे असू शकतात. आपल्याकडे सावजी जेवून आलेला पुण्याचा पाहुणा "फारच तिखट" म्हणतो आणि आपल्या महाल भागातला माणूस त्याच रश्श्याला "आज जरा फिक्का होता" म्हणतो, तुम्हाला बोलणाऱ्याची जीभ माहीत असेल तर दोन्ही वाक्यं कामाची आहेत, नसेल तर दोन्ही बेकार. रिव्ह्यूवाल्याचे कान तपासायचा एक सोपा मार्ग आहे. तुमच्याकडे आत्ता जो इअरफोन किंवा हेडफोन आहे त्याचा त्याने केलेला जुना रिव्ह्यू शोधा. तुम्हाला तो रोज ऐकून पाठ आहे. त्याने लिहिलेलं तुम्हाला ऐकू येते का? "गायकाचा आवाज थोडा मागे राहतो" असं तो म्हणतो आणि तुम्हालाही तेच वाटत आलंय, तर हा माणूस तुमच्या उपयोगाचा. काहीच जुळत नसेल तर तो कितीही गोड बोलो, तुमच्यासाठी नाही.

हो, आणि ते व्हिडिओत स्पीकर वाजवून दाखवतात ना, ते ऐकून ठरवणं सोडा. त्याच्या खोलीत वाजलेला आवाज त्याच्या माईकमध्ये गेला, तिथून दाबून-आवळून इंटरनेटवर आला आणि तुम्ही तो तुमच्या इअरफोनवर ऐकला. शेवटी ऐकलं काय तर स्वतःचा इअरफोन. दोन स्पीकर शेजारी शेजारी एकाच माईकवर वाजवले असतील तर ढोबळ फरक कळतो, बस.

खोलीचा विषय तर रिव्ह्यूत येतच नाही आणि यायला मार्गही नाही, कारण तुमची खोली त्याने पाहिलेली नाही. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचा आवाज, म्हणजे खालचे सूर, स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ठरवते. समजा बाबांची खोली १० बाय १२ ची आहे. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो, १० फुटांमध्ये ५६ चा, मग त्यांच्या दुप्पट म्हणजे ९४ आणि ११२. छतही १० फुटांवर असेल तर तेच ५६ परत येऊन बसते, दुहेरी जोर. आता तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात कुठेतरी असतो, त्यामुळे खोलीत एका जागी बसलं तर डग्गा सगळं झाकून टाकेल आणि दोन फूट सरकलं की गायब होईल. रिव्ह्यूवाला त्याच्या हॉलमध्ये म्हणतो "बेस अगदी नेटका", तुमच्याकडे तोच स्पीकर कोपऱ्यात लोखंडी कपाटाशेजारी ठेवला की गदगद करतो, आणि तुम्ही म्हणणार रिव्ह्यूवाला चोर निघाला. पडदे, गाद्या, सतरंज्या यांनी वरच्या आवाजाचा खणखणाट कमी होतो, खालच्याला त्यांनी फारसा फरक पडत नाही, तिथे स्पीकर आणि खुर्ची सरकवणं हाच इलाज.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? एका रिव्ह्यूतही सगळी वाक्यं सारख्या वजनाची नसतात, म्हणून माणसापेक्षा वाक्यावर ठेवायचा. मोजून दाखवलेल्या गोष्टींवर बराच ठेवा, म्हणजे कोणत्या सुराला आवाज किती वर-खाली होतो तो ग्राफ, समोरून आणि बाजूने दोन्हीकडून मोजलेला असेल तर फारच चांगलं. सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती जोरात वाजतो. एका स्पीकरची ८४ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल तर तेवढाच आवाज काढायला पहिल्याला चौपट वॉट लागतात, त्यामुळे स्पीकरचा रिव्ह्यू एका अ‍ॅम्पवर आणि तुमचा अ‍ॅम्प वेगळाच असं झालं की गणित बिघडते. वॉट वाचताना आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, तेवढा वाचा. पीएमपीओवाले, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद छापणारे, खोके आठवतात ना, चपलेच्या डब्याएवढा स्पीकर आणि वर हजारो वॉट छापलेले, त्या आकड्याला काही अर्थ नव्हता आणि आजही कुठे दिसला तर नाही.

दुसरं म्हणजे रोजच्या कटकटी. रिमोट दोन महिन्यांत गेला, ब्लूटूथ तुटते, गाणं बंद असताना सूं आवाज येतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, नागपुरात सर्व्हिस सेंटर नाही म्हणून मुंबईला पाठवावं लागलं, हे सांगणारा ग्राहक बहुतेक खरं सांगत असतो, त्याला यात काय मिळायचंय. म्हणून पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही सोडून मधले दोन-तीन स्टारवाले वाचा, तेही वर्षभर वापरून लिहिलेले. एक गोष्ट तर तुमच्या बाबांसाठी खास बघा. अ‍ॅम्प आतच असलेल्या काही स्पीकरांना ऑटो स्टँडबाय असते, आवाज हळू असला की त्यांना वाटते काही सुरूच नाही आणि ते झोपतात. पार्टीच्या गाण्यांवर टेस्ट केलेल्या रिव्ह्यूत हे कधीच समोर येणार नाही, बाबांनी रात्री हळू आवाजात विलंबित आलाप लावला की येईल. ते सेटिंग बंद करता येते का हे विकत घ्यायच्या आधी विचारा.

आणि शब्दांवर, "हवा", "गोडवा", "जादू", "गाणारा समोर येऊन बसला", याच्यावर करमणुकीपुरताच. समोर म्हणजे तरी कुठे? आपण वसंतराव देशपांडे सभागृहात गाणं ऐकतो तेही माईक आणि हॉलच्या स्पीकरमधूनच येते की.

"शंभर तास वाजवा, मग खुलेल" हा सल्ला मात्र घातक आहे. रोज चार तास वाजवले तर २५ दिवस लागतात, आणि ऑनलाइन वापसीची मुदत बहुतेक ठिकाणी आठवडा-दहा दिवसांची. तोवर स्पीकर खुलला नाही तरी तुमचे कान त्याला सरावतात आणि वापसी तर हातची जातेच.

आता करायचं काय ते. सरप्राइज रद्द करा. बाबांना घेऊन बर्डीला आणि धरमपेठेत, जिथे जिथे वाजवून दाखवतात तिथे जा, शनिवार-रविवार सोडून जा, गर्दीत काही ऐकू येत नाही. त्यांची रोजची चार गाणी पेनड्राइव्हवर न्या, दुकानदाराची डेमोची गाणी ऐकू नका, ती कोणत्याही डब्यावर छान वाजतात. बाबांचं जुनं नाट्यसंगीत असेल तर त्यातलं काही ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं असणार, त्यात वरचे सूर मुळातच कमी आणि खरखर जास्त. ज्या स्पीकरला रिव्ह्यूवाले "बारकावे उघडे करतो" म्हणून डोक्यावर घेतात तो इथे खरखरच उघडी करेल, आणि ज्याला "बोरिंग" म्हटलं तोच बाबांना दिवसभर ऐकवेल. त्यात साठी ओलांडलेल्या कानाला अगदी वरचे सूर कमीच ऐकू येतात, तरुण रिव्ह्यूवाल्याला जे टोचते ते बाबांना नुसतं स्पष्ट वाटू शकते. म्हणून त्यांचे कान हवेत, तुमचे नाही आणि माझे तर मुळीच नाही.

दुकानात दोन सेट ऐकताना दुकानदाराच्या हाताकडे लक्ष ठेवा. पहिला वाजला, मग त्याने दुसरा लावला आणि बोलता बोलता नॉब थोडा पुढे सरकवला, झालं, दुसरा जिंकला. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप असते, आकडा अचूक नसतो पण एकाच जागी बसून दोघांची तुलना करायला चालते, दोन्ही सेट सारख्या आवाजावर आणा आणि मगच ऐका. सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) सुरू असेल तर बंद करायला सांगा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, ७० हजार तुमचे आहेत. पण त्याला चोर समजून जाऊ नका, त्याला ज्यात मार्जिन जास्त ते तो पुढे करेल हे खरं, तरी कोणता माल रिपेअरला वापस येतो हे त्याच्याइतकं कोणत्याच रिव्ह्यूवाल्याला माहीत नसते, ते गोडीत विचारा. डिपॉझिट घेऊन दोन दिवस घरी नेऊ देतो का हेही विचारा, काहीजण देतात, आणि जो देतो त्याच्याकडे दोन हजार जास्त गेले तरी मी तिथूनच घेईन.

घरी दोन पर्यायांत अडकलात तर वहिनींना कामाला लावा, त्यांना एफडी करायचीये म्हणजे त्या अगदी निःपक्ष आहेत. स्पीकरपुढे पातळ ओढणी टांगा, बाबा खुर्चीत, आवाज सारखा केलेला, वहिनी नाणं उडवून पहिला की दुसरा लावतील आणि कागदावर लिहून ठेवतील. दहा वेळा. बाबांना फरक ओळखता येतो का तेच आधी बघा, नऊ वेळा बरोबर आलं तर फरक खरा आहे आणि मग आवडीचं विचारा. पाच-सहा वेळाच आलं तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशात स्टँड आणा. स्टँडला कोणी रिव्ह्यूत विचारत नाही पण ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीवर आला तर फरक वहिनींनाही ऐकू येईल.

पैशाचं म्हणाल तर ७० हजार सगळे संपवायलाच पाहिजेत असं नाही. निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरवर, बाकीच्यात अ‍ॅम्प. बजेटमधलं "बेस्ट" शोधायचं भूत तेवढं उतरवा, बाबा आत्ता मोबाईलवर ऐकून राहिले, त्यापुढे बऱ्यापैकी मोजमाप असलेली कोणतीही जोडी जमीन-अस्मानाचा फरक करेल. मित्राचं "काही पण घे" मात्र ऐकू नका, वाईट स्पीकरही बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांना टाळायलाच तर ते ग्राफ आणि दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू कामी येतात.

ऑनलाइन घेतलं तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नका. जे सांगितलं ते निघालं नाही आणि कोणी दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि एक, जे काय घ्यायचं ते होळीच्या आत घ्या. एकदा घरात कूलर सुरू झाला की वापसीच्या त्या आठ-दहा दिवसांत बाबांना कूलरशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही.